पहिली ओंजळ

त्या दिवशी आम्ही आमची स्वतःची विहीर उपसली. मे महिना. पुतण्यांनी पंप लावून पाणी तळाला नेलं, मग मी उतरलो आणि गाळ भरून घमेली वर पाठवू लागलो. वर काठावर शेवंती. तिच्या मनगटाला बारीक दोरी, दुसरं टोक माझ्या कमरेला. एक हिसका म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मी वर येतो. चाळीस वर्षं मी लोकांच्या विहिरी खणल्या, उपसल्या, आणि चाळीस वर्षं ही बाई वर दोरी धरून बसली.

संध्याकाळी झरा वाहता झाला तशी तिने कळशीभर पाणी शेंदलं. ओंजळभर तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकली.

"गढूळ आहे. निवळू दे. उद्या सकाळी पिऊ," म्हणाली.

मग आम्ही दोघांनी दोरी गुंडाळली. ती टोक धरून उभी, मी कोपरावर वेढे घेत तिच्याकडे चालत गेलो. शेवटच्या वेढ्याला तिच्या हातातलं टोक माझ्या हातात आलं. "कशी गबाळ्यासारखी गुंडाळलीत," म्हणाली आणि चुलीकडे गेली. पेज आणि सुकटीची चटणी खाऊन आम्ही झोपलो.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. आपल्यात जाणाऱ्याच्या तोंडात दोन थेंब पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. मी शेजारी घोरत होतो. नंतर घातलं ते पाणी गालावरून ओघळलं, आत गेलंच नाही. विहीर निवळून काचेसारखी झाली होती. त्या पाण्याने तिला आंघोळ घातली. मी मात्र ते पाणी प्यालो नाही. तेव्हापासून पुतण्याच्या नळाचं पीत होतो.

अस्थी खाडीत सोडल्या तेव्हा एक तुकडा मी मागे ठेवला. करंगळीच्या नखाएवढा. माझ्या चुन्याच्या डबीत घातला आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात. कुणाला सांगितलं नाही. असं ठेवू नये, जीव अडकतो, हे मला ठाऊक होतं. तरी ठेवला. सगळंच सोडलं तर माझ्याजवळ काय उरतं, याची भीती होती.

माझं शिक्षण चौथी. वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, तुम्ही परदेशात जाऊन आलात, अंकासाठी लिहा. लिहितो. चुका गुरुजींनी काढाव्यात, मजकूर बदलू नये.

मस्कत

आमची मंगल आणि जावई प्रमोदराव तिकडे बारा वर्षं आहेत. वर्षश्राद्ध झाल्यावर, म्हणजे दोन हजार चौदा साली, मंगल मला घेऊनच गेली. विमानाचं काही सांगत नाही, त्यात बसून राहायचं असतं. विमानतळावर मात्र घाम फुटला. पोरसवदा पोलिसाने डबी उघडायला लावली.

"ये क्या है?"

"दात," मी म्हटलं. "माझाच आहे."

त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि डबी दोन बोटांनी परत दिली. मंगल पुढे गेली होती म्हणून वाचलो. पण बायकोला दात म्हटलं हे मनाला लागून राहिलं.

मंगल राहते त्या वस्तीचं नाव मदिनत सुलतान काबूस. पांढरी घरं, स्वच्छ रस्ते, माणूस दिसत नाही. नात इंग्रजीत बोलते, माझ्याशी बोलायचं म्हणजे आधी मनात जुळवते आणि मग म्हणते, "आजोबा, तुम्ही जेवण झाला?" गोड पोर आहे. तिकडे आपले कावळेही आहेत, अगदी आपलेच. म्हणे जहाजांवर बसून गेले. ते खिडकीशी आले की मी आत जाऊन बसे. खिशात काय आहे ते त्यांना ठाऊक असल्यासारखे बघत.

सगळ्यात भीती पाण्याची वाटली. नळ सोडला की पाणी, पण त्याला चव नाही. प्रमोदराव म्हणाले, "मामा, हे समुद्राचं पाणी. मीठ काढून गोड करतात." आता सांगा, जे पाणी जमिनीतून आलंच नाही त्याला पाणी कसं म्हणायचं? प्यालो, नाही कसं म्हणू. पण घोट घेताना वाटायचं, या देशात खाली काहीच नाही. सगळं वरवर ठेवलंय.

प्रमोदराव मस्कतजवळच्या गाला नावाच्या वस्तीत एका गॅरेजात फोरमन आहेत. मला दोनदा घेऊन गेले. तिकडे रांगेने गॅरेजं, दुकानं, वखारी. तेलाचा वास, आणि माणसं मात्र आपली. एक रायगडकडचा मुसलमान मुलगा वेल्डिंग करत होता. मला बघून म्हणाला, "चाचा, गावाला पाऊस कसा झाला?" त्याच्याशी बोलून बरं वाटलं. त्यानेच किनाऱ्यावरच्या खाबुरा गावच्या मासळी बाजाराचं नाव काढलं.

खाबुरा

शुक्रवारी सुट्टी म्हणून गेलो. मासे बघितले, सुरमई आपल्यासारखीच, पण कापायची तऱ्हा वेगळी, शेपटाकडून सुरू करतात. मंगलने मसाला लावून घरी तळली, ती तिच्या आईच्या हातची नव्हती, मी तसं बोललोही. बोलायला नको होतं.

खाबुऱ्याला मनात एक ठरवून गेलो होतो. समुद्र तोच, आपलाच, फक्त पलीकडची बाजू. इथे सोडून द्यावं. मंगल नातीला शिंपले गोळा करून देत होती तेव्हा मी गुडघाभर पाण्यात गेलो, डबी उघडली. मूठ मिटली ती उघडेना. लाट आली, लुंगी भिजली, पाय सरकला आणि बसलोच पाण्यात. पण मूठ वर होती.

"बाबा, काय करताय?" मंगल ओरडली.

"आंघोळ," म्हटलं.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या हातून हे व्हायचं नाही, आणि झालं नाही तर ती अडकणार. दोन्ही बाजूंनी भीती.

डोंगराखालचं गाव

गॅरेजच्या मालकाला तिकडे अर्बाब म्हणतात. त्या अर्बाबचे थोरले भाऊ सालिम. वय ऐंशीच्या पुढे. निझवा शहराच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका गावात राहतात. त्यांच्या बागेतला पंप बंद पडला म्हणून प्रमोदरावांना बोलावलं. प्रमोदराव म्हणाले, "मामा, चला, तुम्हाला विहिरी दाखवतो." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, बाकी काही नाही.

गाडीतून तिकडचे डोंगर दिसले. आपल्या डोंगरांना अंगावर काहीतरी असतं. हे उघडे. मांस गळून गेलेल्या हाडांसारखे. त्यांच्या पायाशी एकदम खजुरीची हिरवी पट्टी, आणि तिच्यात गाव.

सालिम जवानीत मुंबईत खजुराच्या वखारीत होते. त्यांची हिंदी माझ्यासारखीच मोडकी, म्हणून चांगली जमली. डोळ्याला जाड चष्मा, डोक्याला फेटा, हातात काठी. मला म्हणाले, "तुम कुआँ खोदता था? आओ, हमारा देखो."

मी समजलो विहीर असेल. ती विहीर नव्हती. तिथे फलज म्हणतात. डोंगराच्या पोटात एक मूळ विहीर, तिला ते आईच म्हणतात. तिथपासून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा, हाताने खणलेला, उतार इतका बारीक की पाणी पळतही नाही, थांबतही नाही. बोगद्यावर ठरावीक पावलांवर उभी भोकं, गाळ काढायला. हजार वर्षांपूर्वीचं म्हणाले. मी आयुष्यभर विहिरी केल्या, पण त्या भोकात वाकून पाहिलं आणि मला माझी लाज वाटली.

बोगद्यातून गार वारा येत होता. आत कोणीतरी चालत असल्यासारखा.

पाणी गावात उघड्यावर येतं ती जागा फक्त पिण्याची. तिच्याखाली मशिदीत हातपाय धुवायची, मग आंघोळीची, तिच्याखाली मयताला आंघोळ घालायची एक लहान खोली. तिथून पुढे पाणी खजुरींना जातं. हा क्रम कोणी मोडत नाही. आपल्याकडे विहिरीवर चप्पल घालून चढलेल्या माणसाला मी हाकलून दिलेलं आहे, तेव्हा मला हे लगेच पटलं.

प्रमोदराव पंपाखाली शिरले. सालिमनी मला बैठकीत बसवलं. खाली गालिचा, मधे एकच मोठं ताट, भात आणि बकऱ्याचं मटण, सगळ्यांनी त्यातूनच खायचं. नंतर खजूर आणि वेलची घातलेली कडू कॉफी, इवल्याशा कपात. कप पुरे झाला की हलवायचा असतो. मला माहीत नव्हतं. सात कप प्यालो, आणि वाढणाराही वाढत राहिला. सालिम हसून हसून खोकले.

मग मी विचारलं. मला आडपडदा जमत नाही. "तुमच्यात मेल्यावर माणूस कुठे जातो?"

"कबर में. क़यामत तक." मग म्हणाले, "वो हमारा दीन-धरम है. मगर एक दूसरी बात भी मैंने पढ़ी है."

त्यांच्या आजोबांची एक जुनी अरबी पोथी होती. यूनानी लोकांची, म्हणजे आपण ज्यांना ग्रीक म्हणतो त्यांची, फार जुनी शिकवण त्यात उतरवलेली. पैगंबरांच्याही आधीची माणसं. सालिम जे बोलले ते मी माझ्या भाषेत लिहितो.

ते ग्रीक म्हणायचे की सगळं एकातून निघालं. त्याने काही केलं नाही, तो फक्त भरून वाहिला, झरा वाहतो तसा, आणि वाहून कमी झाला नाही. त्यातून समज निघाली, समजेतून जीव, आणि जीव वाहत वाहत खाली मातीपर्यंत आला. इथे त्याला गाळ लागला. आता आपण कुठले तेही त्याला आठवत नाही. पण कधी काही सुंदर दिसलं की त्याला आतून शिवशिवतं. त्यांच्यातला एक जण म्हणायचा, जिवाला पूर्वी पंख होते. सुंदर काही बघितलं की तुटलेल्या पिसांची मुळं शिवशिवतात, लहान मुलाच्या हिरड्या दात येताना शिवशिवतात तशी.

"आणि मग?"

"मग तो उलटा निघतो. पाण्याच्या विरुद्ध. बोगद्यातून वर, आईच्या विहिरीकडे." सालिमनी काठीने डोंगर दाखवला. "जाताना एक एक कपडा टाकत जातो. राग टाकतो. हाव टाकतो. नाव टाकतो."

"नवरा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वह भी. ऊपर अकेले ही जाना पड़ता है, भाई. पीछे देखेगा तो गिरेगा."

मी हातातला कप खाली ठेवला. कारण हे मी स्वतः सांगत आलोय. विहिरीतून वर येणाऱ्या प्रत्येक मजुराला मी दटावलंय, खाली बघू नको, खाली बघितलंस तर पडशील. शेवंतीने हे हजारदा ऐकलेलं. ती खाली बघणार नाही.

सालिमना थांबायचं कळलं नाही. म्हातारा माणूस, ऐकणारा मिळाला होता. म्हणाले, त्याच मुलखात काही लोक मयताबरोबर सोन्याचा पातळ पत्रा पुरत. त्यावर खुणा लिहिलेल्या. तू खाली पोचशील तेव्हा एक झरा दिसेल, शेजारी पांढरं झाड. त्याच्या जवळ जाऊ नको. त्याचं पाणी प्यालास तर सगळं विसरशील. पुढे जा, दुसरं पाणी आहे, आठवणीचं. तिथल्या राखणदारांना सांग, मी तहानेने मरतोय, मला ते द्या.

"पत्रा नसला तर?" मी विचारलं.

"तो प्यासा आदमी जो पहला पानी देखेगा, वही पिएगा."

मी उठलोच. बाहेर ऊन रणरणत होतं. मला एकच दिसत होतं. शेवंती तहानलेली गेली. तोंडात थेंब नाही. तिच्याजवळ पत्रा नाही, असता तरी तिला वाचता कुठे येत होतं. तिला पाणी दिसलं की ती थांबायची, रस्त्यातल्या प्रत्येक विहिरीवर थांबायची. मी घोरत होतो. माझ्यामुळे ती पहिल्या झऱ्यावर ओणवी होणार, आणि मी तिथे पोचेन तेव्हा माझ्याकडे बघून विचारेल, तुम्ही कोण?

मी पाण्याच्या तोंडाशी गेलो. जिथे ते डोंगरातून उघड्यावर येतं तिथे. बसलो. डबी उघडली. तुकडा चिमटीत धरला. मनात एकच, हिला पाणी पाजायचं, उशिरा का होईना.

चिमूट पाण्याला टेकणार तेवढ्यात मनगटावर काठी बसली.

"क्या कर रहा है तू?" सालिम धापा टाकत होते. "ये पीने का पानी है. पूरा गाँव पीता है."

मी, विहिरीवाला. पिण्याच्या पाण्यात हाड बुडवत होतो. तिथेच बसून रडलो. मग सगळं सांगितलं, घोरत होतो तेही.

सालिमच्या चेहऱ्यावर राग होता तो गेला आणि दुसरंच काही आलं. ते डबीकडे बघेनात. "हमारे यहाँ शाम तक मिट्टी दे देते हैं. और तू एक साल से जेब में लेके घूमता है?" मग माझ्याशेजारी बसले. काठी बाजूला ठेवली. शेवटी म्हणाले, "कुएँ से आदमी चढ़ता है तो नीचेवाला उसका पाँव पकड़ता है क्या?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. दोघं मरतील."

दोरी

तोवर वरच्या अंगाला आरडाओरडा झाला. एका भोकातून गाळ काढायचं काम चालू होतं. तीन बांगलादेशी मजूर, एक खाली, दोघं वर. वरच्यापैकी एकाला उन्हाने घेरी आली. सालिम म्हणाले, चल. गेलो. त्याला सावलीत निजवला, आणि मी सवयीने बघितलं की खालच्या माणसाला खुणेची दोरीच नाही. ओरडून बोलत होते, आणि खालून फक्त घुमल्यासारखं येत होतं.

मी बारीक दोरी मागितली, बादलीबरोबर खाली पाठवली, कमरेला बांधायला लावली. एक, दोन, तीन, खुणा ओरडून शिकवल्या. वरचं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं आणि काठावर बसलो.

एवढ्या आयुष्यात मी कधी वर बसलो नव्हतो. खाली असताना मला भीती वाटत नसे. समोर काम असतं, हात चालू असतो. वर काहीच नसतं. काळं भोक आणि दोरी. दोरी हलली नाही की माणूस आहे का नाही कळत नाही. मी तासभर बसलो आणि माझा सदरा घामाने चिकटला. शेवंती हे चाळीस वर्षं करत होती. घरी जाताना मी तिला म्हणायचो, तुला काय, तू नुसती बसून होतीस.

एक हिसका आला. बादली ओढली. तळाला गाळ, वर बोटभर पाणी. माझा हात आपोआप गेला, ओंजळभर तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि बाजूला थुंकलो.

सालिम बघत होते. "ये क्या?"

"बायको करायची," मी म्हटलं. "नवी विहीर असो नाहीतर उपसलेली, पहिलं पाणी तीच चाखायची. थुंकायची. म्हणायची, हे वरचं, अजून खाली जा. नाहीतर म्हणायची, निवळू दे."

"हर बार थूकती थी?"

"प्रत्येक वेळी."

"प्यास लगी हो तो भी?"

मी आठवून बघितलं. एकदा वैशाखात, कातळ फोडत तीन दिवस गेले होते, घागरीतलं संपलं होतं, तिच्या ओठांना भेगा पडलेल्या. पाणी लागलं. मजूर तुटून पडले. तिने ओंजळ तोंडात घेतली, थुंकली, आणि सगळ्यांच्या हातातली भांडी खाली ठेवायला लावली. पाणी मचूळ होतं.

"तरीसुद्धा," मी म्हटलं. "पहिलं पाणी तिने कधी गिळलं नाही."

सालिम काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. म्हणाले, "फिर तू किस बात से डरता है?"

तेवढ्यात मनगटाला हिसके बसले. एक, दोन, तीन. खालचा माणूस वर येत होता. आला, डोळे मिटलेले, ऊन सोसवत नव्हतं, हात पुढे करून काठ चाचपत. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी त्याचा हात धरून बाहेर घेतला.

पाणी दिवसभर गढूळ राहिलं. सालिम म्हणाले, "आज कोई नहीं पिएगा. सुबह तक साफ़ हो जाएगा." पंपाचं काम अर्धवट राहिलं होतं, म्हणून आम्ही तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

अजान झाल्यावर उठलो. प्रमोदरावांना उठवलं नाही. सालिमना विचारूनच गेलो, या वेळी. ते म्हणाले, मयताच्या खोलीच्या खाली, जिथून पाणी बागेत जातं तिथे. तिथलं कोणी पीत नाही.

तिथे पाटाच्या कडेला बसलो. डबी उघडली. मूठ मिटली. मी शेवंतीला म्हटलं, "पाय सोडतो गं." बोटं एक एक करून दुसऱ्या हाताने उघडावी लागली. टप असं वाजलं, फार लहान. पाणी तुकड्याला खजुरीच्या मुळाशी घेऊन गेलं. डबी धुतली. हात धुतले. भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल.

मग पाटाच्या कडेने वर चालत निघालो. मयताची खोली मागे टाकली, आंघोळीची जागा, मशीद. वळून बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही. पाण्याच्या तोंडाशी पोचलो. आतून तोच गार वारा येत होता. पाणी निवळलं होतं, तळाचा खडा न् खडा दिसत होता.

पहिली ओंजळ तोंडात घेतली, खुळखुळवली आणि बाजूला मातीत थुंकलो. दुसरी प्यालो.